आलेख काढायला तक्ताच कायले पाहिजे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मानेवाड्याकडे घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते, बहुतेक पोट्टे सेमीचे, त्यामुळे स्लोप म्हटलं काय अन् चढ म्हटलं काय, दोन्ही चालतं. लिहायचं कारण असं की माझ्याकडच्या एका पोरीचा सराव परीक्षेचा पेपर परवा बघितला, एकसामयिक समीकरणं, म्हणजे दोन्ही समीकरणांत बसणारे एक्स-वाय शोधायचे, ती आलेखाने सोडवा असा प्रश्न होता, तिचं उत्तर बरोबर, दोन्ही रेषा बरोबर, अक्षांना नावं दिलेली, कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं, तरी मार्क कापला कारण एक्स-वायचा तक्ता काढला नाही. शाळेचं नाव घेत नाही, हे काही एकाच शाळेचं नाहीये.

पहिलं समीकरण होतं २ एक्स + ३ वाय = १२. आता तक्तेवाली पद्धत कशी, एक्सला ०, १ आणि -१ द्यायचं, का तर सगळे तेच देतात. ० ला वाय ४ येतो, मस्त. १ ला येतो १० भागिले ३ म्हणजे ३.३३ आणि -१ ला येतो ४.६७, झाली पंचाईत. मग पोरगं आलेख कागदावर ३ आणि ४ च्या मधल्या बारीक रेघा मोजत बसतं, तिसरी गेली, चौथी आली नाही, तिथेच कुठेतरी अंदाजाने टिंब, आणि तिन्ही टिंबं एकमेकांना इतकी चिकटून की पट्टी जराशी हलली तरी रेषा पुढे जाऊन भलतीकडेच निघते.

त्या पोरीने वायला एकटं केलं. ३ वाय = -२ एक्स + १२, मग सगळ्याला ३ ने भागलं, वाय = -२/३ एक्स + ४. झालं काम! शेवटचा ४ सांगतो की रेषा वाय-अक्षाला कुठे कापते, म्हणजे (०, ४) वर पहिलं टिंब. -२/३ हा रेषेचा चढ, तो सांगतो की तिथून ३ उजवीकडे जा अन् २ खाली उतर, म्हणजे (३, २), परत तसंच केलं की (६, ०). तिन्ही टिंबं बरोबर चौकोनाच्या कोपऱ्यावर, दशांश चिन्ह कुठे नाही. दुसरं समीकरण एक्स - वाय = १, त्याचं झालं वाय = एक्स - १, खाली -१ पासून सुरू करायचं आणि एक उजवीकडे एक वर असं चढत जायचं, तर ही रेषा पहिलीला (३, २) लाच भेटते. उत्तर एक्स ३, वाय २. यात तक्ता नाही म्हणून काय चुकलं ते मला तरी समजलं नाही.

खरी गडबड पुस्तकाच्या मांडणीत आहे असं मला वाटतं. दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा, तिथे आलेख तक्त्याने. आणि रेषेचा चढ येतो भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीत, तिथे दोन बिंदू दिले की वायमधला फरक भागिले एक्समधला फरक, सूत्रात टाका अन् मोकळे व्हा. दोन पुस्तकं, दोन पेपर, बऱ्याच ठिकाणी शिकवणारे सर पण दोन, आणि ही दोन्ही प्रकरणं एकाच रेषेबद्दल आहेत हे पोट्ट्यांना कोणी सांगतच नाही. वाय = एम एक्स + सी हे रूप, यात एम म्हणजे चढ अन् सी म्हणजे रेषा वाय-अक्षाला कापते ती जागा, नीट भेटतं अकरावीला, ते पण सायन्स-कॉमर्सला गणित घेतलं तर.

याने नुकसान काय होतं ते सांगते. २ एक्स + ३ वाय = १२ आणि ४ एक्स + ६ वाय = १० अशी जोडी दिली तर दोन्हीचा चढ -२/३, फक्त एक ४ वर कापते अन् दुसरी ५/३ वर, म्हणजे समांतर, उत्तर नाहीच. चढ बघणारं पोरगं हे कागद उघडायच्या आधी सांगतं. तक्तेवालं पोरगं ३.३३ अंदाजाने मांडतं, रेषा थोड्या तिरप्या होतात, कागदाच्या पार काठाजवळ भेटतात, आणि ते तिथलं उत्तर वाचून खाली अधोरेखित पण करतं! हे मी वह्यांमध्ये बघते बाप्पा, गंमत नाही करत.

उदाहरणं तर घरातच आहेत. नागपूरचा मे महिना, पारा ४५ वर, आणि अमेरिकेतला भाचा फोनवर विचारतो मावशी फॅरनहाइटमध्ये किती. एफ = ९/५ सी + ३२. सुरुवात ३२ पासून, दर ५ सेल्सिअसला ९ वर. ४५ म्हणजे नऊ वेळा ५, म्हणून नऊ वेळा ९, ८१ आणि ३२, ११३. विजेचं बिल घ्या, घराला कुलूप लावून गावाला गेलं तरी स्थिर आकार लागतोच, तो झाला सी, आणि युनिटचा दर झाला एम. फक्त १०० युनिटच्या पुढे दर बदलतो, मग ३०० च्या पुढे अजून, म्हणून ती एक सरळ रेषा न राहता तिथे वाकते आणि जास्त उभी होते, कूलर लावणाऱ्यांना हे आलेखाशिवायच माहीत आहे. पण पोरांना हे काढायला सांगा, वर्गात झोपणार नाहीत.

चढाने चुका होत नाहीत असं नाही. ३ ने भागताना १२ ला भागायचं विसरतात. उणे चढ आला की खाली पण जातात आणि डावीकडे पण, म्हणजे उणे-उणे होऊन रेषा उलटी चढायला लागते. दोन अक्षांवर वेगळं प्रमाण असलं की एककं सोडून चौकोन मोजतात. आणि एक्स = ३ सारखी उभी रेषा या रूपात बसतच नाही, तिचा चढ काढताच येत नाही. म्हणून तक्ता फेकून द्या असं माझं म्हणणं नाही, काढलेली रेषा तपासायला एखादा बिंदू समीकरणात टाकून बघावाच.

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला येतील तेव्हा नागपुरातल्या गणिताच्या सर-मॅडमनी एवढंच करावं, वाय = एम एक्स + सी करून काढलेला आलेख बरोबर असेल तर पूर्ण मार्क द्यावे, आणि भाग १ चा पहिला धडा शिकवतानाच एक तास चढाला द्यावा. तोपर्यंत माझ्याकडची पोट्टी चढाने रेषा काढतील आणि वेळ उरला तर बाजूला तक्ता पण लिहून ठेवतील, मार्क कशाला सोडायचे.

आपली,
एक ट्यूशनवाली बाई,
मानेवाडा, नागपूर