शो कोण ‘कॉल’ करतं, ते आधी विचार

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

स्टेज मॅनेजमेंट शिकायच्या कॉलेजांची तुझी यादी मिळाली. ती तू नावाच्या वजनाप्रमाणे लावलेली दिसतेय. माझं ऐकशील तर ती एका वेगळ्याच गोष्टीवरून लाव: संपूर्ण अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या कानाला हेडसेट लागतो किती वेळा, आणि चालू प्रयोगात क्यू (दिवे-संगीत बदलायचा इशारा) तो स्वतः देतो, म्हणजे शो ‘कॉल’ करतो, किती वेळा. पदवीच्या नावात ‘स्टेज मॅनेजमेंट’ असलं तरी काही ठिकाणी पोरं प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) गोळा करत आणि कपडे इस्त्री करत बसतात आणि शो चालवतो पगारी माणूस. प्रॉपर्टी आणि कपडेपट शिकायलाच हवेत, त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्यासाठी परदेशातली फी भरायची गरज नाही.

तुला हे काम नेमकं कुठे करायचंय, तेही ठरव. आपल्या व्यावसायिक नाटकात हे काम तुकड्यांत वाटलेलं असतं. तारखा, बस, कलाकारांचे फोन सूत्रधाराकडे, म्हणजे व्यवस्थापकाकडे. सेट बॅकस्टेजच्या मंडळींकडे. प्रकाशाचा ऑपरेटर वाक्य ऐकून स्वतःच क्यू घेतो, संगीतवालाही तसाच. पन्नासएक प्रयोग झाले की सगळं तोंडपाठ होतं आणि बिनचूक चालतं. पण एखाद्या नटाने अर्धं पान गाळलं की दिवे एकीकडे जातात नि पार्श्वसंगीत दुसरीकडे, कारण दोघांनाही एकाच वेळी ‘थांब’ म्हणणारं कुणी नसतं. तुला जे शिकायचंय ते नेमकं हे ‘कुणी’ होणं आहे. मुंबईत त्याला आता जागा आहे: एनसीपीए आहे, आणि २०२३ पासून बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये दोन हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात परदेशी संगीतिका येतात. तिथे ऐकून-अंदाजाने चालत नाही, क्यू दिला जातो.

इथलं शिक्षण म्हणशील तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बीए करता येतं. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा डिप्लोमासुद्धा पदवी हातात असल्याशिवाय नाही, तेव्हा बारावीनंतर लगेच तो विचार सोड. ह्या सगळ्यांत नाटक समग्र शिकवतात, निव्वळ स्टेज मॅनेजमेंटची पदवी म्हणून नव्हे. ललित कलात तालमीचा रियाज पक्का होतो आणि मराठी संहितेत बुडून काम करता येतं. माझ्या मते इथे बीए आणि मग बाहेर, हा रस्ता वाटतो तितका लांबचा नाही.

बाहेर जायचंच असेल तर ब्रिटन आणि अमेरिका ह्यांतला फरक नीट समजून घे. ब्रिटनमध्ये पदवी बहुतेक तीन वर्षांची, आणि तिथल्या नाटकात पदं वेगळी. एएसएम (असिस्टंट स्टेज मॅनेजर) प्रॉपर्टी आणि विंग सांभाळतो, स्टेज मॅनेजर सगळ्या टीमचा कारभार बघतो, आणि क्यू लिहिलेली संहिता पुढ्यात घेऊन क्यू देतो तो डीएसएम (डेप्युटी स्टेज मॅनेजर). म्हणून लंडनच्या गिल्डहॉल किंवा रॉयल सेंट्रलला विचारताना ‘स्टेज मॅनेजर व्हायला मिळतं का’ असं विचारू नकोस, ‘डीएसएम किती वेळा’ असं विचार. अमेरिकेत चार वर्षं, आणि शो सहसा स्टेज मॅनेजरच कॉल करतो. तिथे बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) आणि बीए ह्यांत गल्लत करू नकोस. बीएफएमध्ये बहुतेक सगळा वेळ नाटकाच्या विभागात जातो, बीएमध्ये इतर विषयांचा वाटा मोठा. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम बीएफए आहे. शिक्षणानंतर नाटकवाल्यांना ओपीटीवर (विद्यार्थ्यांना पदवीनंतर काम करायची परवानगी) साधारण बाराच महिने काम करता येतं. इंजिनिअरांना मिळते ती वाढीव मुदत आपल्यासाठी नाही, हे कर्ज काढण्याआधी वहीत लिहून ठेव.

विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. वर्षाला पूर्ण लांबीची नाटकं किती, आणि त्यांतली किती विद्यार्थी कॉल करतात? वर्गात जण किती? (सहा नाटकं आणि चोवीस मुलं असतील तर हिशेब तूच कर.) संगीतिका किंवा ऑपेरा मिळतो का? स्वरलिपीवर क्यू देणं हे संवादावर देण्याहून वेगळं कसब आहे. बाहेरच्या नाट्यगृहात उमेदवारी किती आठवडे, आणि ती कॉलेज लावून देतं की स्वतः शोधायची? शेवटी, गेल्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज नेमकं काय करतात? ‘मनोरंजन क्षेत्रात आहेत’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे.

मुलाखतीत अभिनय करून दाखवायचा नसतो. कागद बघतात. एकांकिकेच्या तालमींतलं आत्तापासून जपून ठेव: वेळापत्रक, प्रॉपर्टीची यादी (कुठून कुठल्या विंगेत, कुणाच्या हातात), तालमीचा रोजचा अहवाल, आणि प्रॉम्प्ट बुक, म्हणजे हालचाली आणि क्यू लिहिलेली संहितेची प्रत. संहिता एकाच बाजूला छाप, समोरचं पान हालचाली आणि क्यूसाठी कोरं ठेव. सगळं पेन्सिलने, कारण क्यू शेवटच्या तालमीपर्यंत सरकत राहतात आणि पेनाच्या खाडाखोडीत अंधारात काही दिसत नाही. ‘वाक्य संपल्यावर’ असं लिहू नकोस. ज्या अक्षरावर दिवा बदलायचा त्या अक्षराखाली रेघ मार आणि पट्टीने ती समासातल्या क्यूपर्यंत ओढ. स्टँडबाय, म्हणजे ‘तयार राहा’ची सूचना, साधारण अर्धं पान आधी. आणि सांगताना आकडा आधी, हुकूम शेवटी: “एलएक्स १४… गो.” (एलएक्स म्हणजे दिवे.) ‘गो’ ऐकलं की ऑपरेटरचं बोट खाली जातं, मग मागून आलेल्या आकड्याचा उपयोग काय? म्हणूनच हेडसेटवर तो शब्द गप्पांत कुणी वापरत नाही.

तालमीच्या हॉलमध्ये सेटचा आराखडा टेपने जमिनीवर आखायलाही शिक. आधी मध्यरेषा, मग तिला काटकोनात रंगमंचाच्या पुढच्या कडेला समांतर रेषा, आणि प्रत्येक कोपरा ह्या दोन रेषांवरून मोज. भिंतीवरून मोजू नकोस. जुन्या हॉलच्या भिंती काटकोनात नसतात, आणि मग दरवाजा अर्धा फूट सरकतो. तालमीत ते कळत नाही, रंगमंचावर नट चौकटीला खांदा आपटतो तेव्हा कळतं. काटकोन हवा असेल तर दोरीला एकापुढे एक तीन, चार आणि पाच फुटांच्या अंतराने गाठी मार आणि त्रिकोण ताण. प्रत्येक अंकाला वेगळ्या रंगाचा टेप लाव, आणि अंधारात चालायच्या पायरीच्या कडेला चमकणारा.

लंडनच्या मुलाखतीत बहुधा ‘हाफ’ (नटांना ‘अर्धा तास उरला’ म्हणून देतात तो कॉल) कधी देतात हे विचारतील. पडदा उघडण्याआधी पस्तीस मिनिटं, तीस नव्हे. तिथे असे सगळे कॉल ‘बिगिनर्स’पासून, म्हणजे सुरुवातीच्या नटांना रंगमंचावर बोलावणाऱ्या कॉलपासून, मागे मोजतात, आणि तो पडद्याआधी पाच मिनिटांवर असतो. अमेरिकेत मात्र ‘हाफ अवर’ म्हणजे खरोखर तीस मिनिटं. आपल्या तीन घंटांची पद्धतही सांग, त्यांना त्यात रस वाटेल.

फीचे आकडे कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून घे, राहण्याचा खर्च वेगळ्या रकान्यात. काही अर्ज यूकॅसमधून (ब्रिटनची सामाईक प्रवेश यंत्रणा) जातात, काही थेट, आणि मुदती वेगवेगळ्या असतात, तेव्हा त्या तारखाही शेजारी लिही. रविवारी फोन करशील तेव्हा ती वही समोर असू दे. आणि आत्याचा टेप मोजपट्टीसकट परत कर, ती विचारत होती.

तुझा,
बाबा