आई, सोमवारी न्यायला येतेय

ती. बाबा, ती. सौ. आई,

सवयीनं दोघांचीही नावं लिहिली गेली, सौ. पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही मी. बाबा ऐकतील, वाचायचं तुला आहे. फोनवर बोलायला लागलं की आधी तू रडतेस मग मी, आणि मुद्द्याचं राहूनच जातं. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

आई, माझं ठरलंय. सोमवारी मी तुला पुण्याला न्यायला येतेय. दादाशी बोलणं झालंय, तुझ्या जावयांशी तर त्याच्याही आधी झालंय, त्यांनी स्वतःच बेडरूम रिकामी करायला घेतली. तुला न विचारता ठरवलं म्हणून वाईट वाटेल माहितेय, पण विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस ना गं.

परवा पहाटे तुझी शुगर 58 वर आली होती हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्या दूध द्यायला आल्या म्हणून, नाहीतर काय झालं असतं याचा विचार करत मी दोन रात्री जागी आहे. ओरडत नाहीये. फक्त भीती वाटते.

आणि अजून एक सांगायचंय, इतके दिवस सांगायचं धाडस झालं नव्हतं. तेराव्याच्या दिवशी मी बाबांची ती वही उघडली होती, तुझ्या इन्सुलिनची. लॉगशीट भरावी तशी भरलेली, तारीख, वेळ, शुगर, किती युनिट, डावी बाजू की उजवी, आणि शेवटी शेरा. "आज जेवण कमी." "गुडघा दुखतोय म्हणाली." बाबा गेले त्या दिवसापासून पुढची चार दिवसांची पानं कोरी होती. घरात वीस माणसं होती आई, मी होते, आणि तुझं इंजेक्शन कुणाच्याच लक्षात आलं नाही. तू पण बोलली नाहीस. बाबांनी इतकी वर्षं एक वेळ चुकवली नव्हती.

2006 ला डॉक्टरांनी सुई सांगितली तेव्हा तू किती रडलीस, आणि बाबा आठवडाभर मोसंब्याला पाणी टोचून सराव करत बसले होते. मग एसटीची मुक्कामी गाडी नको म्हणून त्यांनी ड्युटी बदलून घेतली, नाईट-आउटचा भत्ता गेला, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती आणि पैशाची ओढ होती तरी. तुला सांगितलं काय तर घाटात आता डोळ्यांना त्रास होतो. डोळ्यांना काही झालं नव्हतं, मला माहीत होतं, मला शपथ घातली होती त्यांनी. आणि 2019 च्या पुरात लाईट गेली तेव्हा त्या बाटल्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूच्या परातीत, आणि रात्री उठून उठून वाळूवर पाणी शिंपडत होते.

मला तर लहानपणीचे बाबा आठवतात. रंकाळा स्टँडवर आपण डबा द्यायला जायचो, मला उचलून बॉनेटवर बसवायचे, खालून इंजिनची ऊब यायची आणि खाकी शर्टाला डिझेलचा वास. गगनबावड्याकडून आले की माझ्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदं आणि तुझ्यासाठी सुरंगीचा गजरा, ओल्या रुमालात गुंडाळलेला. तू म्हणायचीस पोरांसमोर काय हे, आणि सुकला तरी चार दिवस उशाला ठेवायचीस. मी बघायचे सगळं.

आता तुझी काळजी काय काय आहे ते मला पाठ आहे. लेकीच्या घरी कसं राहायचं? आई, जावयाच्या दारात नाही येत तू, तू माझ्याकडे येतेयस, मी पण कमावते. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घेतल्यात. गॅलरीत सकाळी 10 पर्यंत ऊन असतं, तिथं तुझी खुर्ची. पुढारी इथं पण येतो, लावलाय. जोतिबाचा टाक तुझा तूच पूज, देवघरात जागा केलीय. कांदा-लसूण चटणी तूच कर, माझी काही तशी होत नाही. घर विकायचं नाही, भाड्यानं पण द्यायचं नाही, किल्ली तुझ्याच पर्समध्ये राहील. वर्षश्राद्ध आपल्याच घरात करायचं. आणि पावसाळा संपल्यावर तुला परत यावंसं वाटलं तर मी स्वतः आणून सोडेन, आणि महिना महिना तुझ्यासोबत राहीन. ऑफिसला विचारून ठेवलंय.

सुई मी शिकलेय. पेन आहे आता, बाटलीपेक्षा सोपं, अजिबात दुखत नाही. बाबांच्या हातासारखा हात नसेल माझा, पण वेळ चुकणार नाही.

आता ऐक. सोमवारपर्यंत रात्री काकूंच्या मुलीला झोपायला बोलव, दाराची आतली कडी लावायची नाही, त्यांच्याकडे चावी आहे. संकष्टीचा उपास करायचा नाही, बाप्पाला मी सांगते. उशाशी साखरेची डबी आणि पाणी ठेव, घाम सुटला, हात थरथरले की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी परत मोजायचं, आणि मला फोन, कितीही वाजलेले असोत. इन्सुलिन फ्रीजच्या दारातच, वर बर्फाच्या खणात नाही. बॅगा तू उचलायच्या नाहीत, मी आल्यावर भरू. फक्त ती वही आणि बाबांचा चष्मा हाताशी काढून ठेव.

रात्री 8 ला फोन करते, शुगर मोजून ठेव. खरी सांग.

तुमची,
चिमी