बाबांचा फॉर्म आणि तिबेटची गिधाडं

धरमशाला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, देहदानाचा फॉर्म पोचला. वारस म्हणून सही केली आहे, याच पाकिटात आहे. दादाची सही तुम्ही घ्या. तो आज-उद्या करेल, त्याला सोडू नका.

आता आईसाठी. आई, फोनवर तू विचारलंस, "मेल्यावर देहाची चिरफाड, हे कुठल्या धर्मात बसतं गं?" आणि फोन बाबांच्या हातात देऊन मोकळी झालीस. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात गिधाडं आहेत, म्हणून पत्र.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळे मोमोला म्हणतात, म्हणजे आजी. (खायच्या मोमोंशी संबंध नाही, हसू नकोस.) त्या ल्हासाच्या ईशान्येकडच्या द्रिगुंग भागातल्या. तिथल्या मठाजवळची टेकडी झातोरसाठी अख्ख्या तिबेटात नावाजलेली. झातोर म्हणजे देह पक्ष्यांना देणं. माणूस गेला की साधारण तीन दिवस देह घरातच ठेवतात, लामा उशाशी बसून पाठ म्हणतात. मग पहाटे गुडघे पोटाशी घेतलेल्या अवस्थेत, पांढऱ्या कापडात बांधून वर नेतात. जुनिपरच्या डहाळ्यांचा धूर केला की गिधाडं उतरू लागतात. पुढचं काम रोग्यापाचं. तो देह कापून मोकळा करतो, मांस पक्ष्यांना देतो आणि शेवटी हाडं कुटून भाजलेल्या सातूच्या पिठात कालवतो, म्हणजे तीही खाल्ली जातात. काही उरू द्यायचं नाही, हा नियम. रोग्यापा हे सगळं गप्पा मारत, हसत करतात. आपल्याला ते विचित्र वाटेल, पण रडारड झाली तर जीव घुटमळतो, असं त्यांचं म्हणणं. जवळचे नातेवाईक बहुधा लांबच थांबतात.

जमीन वर्षातले कित्येक महिने गोठलेली आणि सरपणाला झाडं नाहीत, हे कारण पुस्तकांत वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे. पण मोमोलांना विचारलं तर त्या दान म्हणतात. जीव निघून गेला, मागे राहिलं ते रिकामं घर. त्यानं कुणाचं पोट भरलं तर गिधाड तेवढा वेळ दुसऱ्या लहान जिवाच्या वाटेला जाणार नाही. अकराव्या-बाराव्या शतकात माचिग लाब्द्रोन नावाची योगिनी होऊन गेली. तिच्या चोद साधनेत तर साधक जिवंतपणीच, मनानं, आपला देह कापून सगळ्यांना वाढतो.

आणि पक्षी आलेच नाहीत तर? तर मग घरचे धास्तावतात. माणसाचं काही राहिलं असेल, काही पाप असेल, आणखी पाठ करायला हवेत. आई, हे ऐकताना मला आजीचा दहावा आठवला. रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तू हात जोडून म्हणालीस, "धाकटीचं लग्न आम्ही नीट करू." आणि तो आला. त्या दिवशी तुला पक्ष्याच्या चोचीवर विश्वास ठेवायला काही जड गेलं नव्हतं.

आपण कुणाला गिधाड म्हटलं की भांडणच. इथे तसं नाही. रिवालसरला आपण गुरू रिनपोचे म्हणजे तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या पद्मसंभवांची ती प्रचंड मूर्ती पाहिली, आठवते? त्यांच्या टोपीच्या टोकावर जे पीस दाखवतात, ते गिधाडाचं. सगळ्यांत वरून पाहणारी दृष्टी, असा त्याचा अर्थ सांगतात. मिलारेपा या तिबेटी योग्याला पडलेल्या स्वप्नात चार खांब होते आणि उत्तरेच्या खांबावर गिधाड. गुरू मार्पानं ते गिधाड म्हणजे स्वतः मिलारेपाच, असं सांगितलं. आणि तुम्ही गयेला आजोबांचं श्राद्ध करून राजगीरला गेलात, तिथला गृध्रकूट, म्हणजे गिधाडांचं शिखर, ही माणसं रोजच्या पाठात उच्चारतात. प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र तिथेच घडतं.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. पाचव्या दलाई लामांचा कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाच्या चित्रांच्या पटांची मोठी मालिका काढून घेतली. त्यातले शरीराचे अवयव ल्होद्राकच्या तेन्झिन नोर्बू या चित्रकारानं प्रत्यक्ष प्रेतं पाहून काढले. तुमच्या मेडिकल कॉलेजच्या हॉलमध्ये जे होणार, तेच. तरी गंमत बघा, ग्युशी या तिबेटी वैद्यकाच्या मूळ ग्रंथात हाडं ३६०, आणि आमच्या आयुर्वेदातल्या वाग्भटातही ३६०. समोर हाडं कुटली जात होती, पण आकडा पोथीतलाच चालू राहिला. बीएएमएसला आम्ही २०६ आणि ३६० दोन्ही पाठ केलेच की.

आई, तू विचारलं होतंस, तिबेटी औषधांत प्राणी घालतात का. जुन्या ग्रंथांत आहेत. गिधाड काहीही पचवतं, म्हणून त्याची अन्ननलिका आणि विष्ठा पोटाच्या, पचनाच्या दुखण्यांवर सांगितली आहे. पक्ष्याचा गुण औषधात उतरतो, हा तर्क. मला तो पटत नाही, पण निरीक्षण पक्कं आहे. त्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले घातक जंतूही बहुतेक मरतात. मी इथे हे वैद्यक शिकताना एकाही गोळीत गिधाड पाहिलेलं नाही. आपल्याकडे ते मारणं गुन्हाच आहे.

मारलं आपण ते वेगळ्या औषधानं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. २००४ मध्ये कारण कळलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शेकड्यात एक उरली नव्हती. मुंबईत डुंगरवाडीला, जिथे पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत, पारशांवर सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवायची वेळ आली. इथे कांगड्यात चीडच्या झाडांवर त्यांची काही घरटी टिकली आहेत. वर त्रिउंडच्या बाजूला दिसतात ती हिमालयन गिधाडं मात्र वेगळी, पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर.

एवढं असून मोमोलांना स्वतःला झातोर मिळणार नाही. इथे निर्वासितांमध्ये दहनच होतं. त्या त्यावर फार बोलत नाहीत. "जसं जमेल तसं," म्हणतात आणि माळ ओढतात.

आई, देहदान केलं तरी बाबांचे दिवस करता येतात, मी गुरुजींना विचारलं आहे. दर्भाचा पुतळा करतात, पिंड ठेवतात. संसर्गाचा आजार असेल तर कॉलेज देह घेत नाही, मग दहनाचीही वाट आपल्याला मोकळी आहे. (द्रिगुंगलाही हीच अट होती.)

तुझं तू ठरव. बाबांनी भरला म्हणून दुसरा फॉर्म तुझ्यापुढे कुणी सरकवणार नाही, दादाला तसं बजावलं आहे. तुला रामकुंड हवं असेल तर रामकुंड. फक्त एकदा स्पष्ट सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी आम्ही बहीणभाऊ भांडणार नाही. रविवारी फोन करते. बाबांना तेव्हा दुसऱ्या खोलीत पाठव.

तुमची,
छोटी