बॉनेटवरचं टेंगूळ

कोव्हेंट्री,
12 जुलै

प्रिय लेका,

स.न.वि.वि. वगैरे सगळं गृहीत धर. तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले, "गाडीचं कुठवर आलं" एवढंच विचारलं होतंस आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसलो, कारण खरं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. चेसिस झालं, इंजिन बसलं, ब्रेकचे पाइप पण झाले, आणि गेले सात महिने मी फक्त पत्र्याशी भांडतोय. शेवटी तुझ्या काकांसाठी एक प्रश्न आहे, तेवढा वाचल्याशिवाय पत्र बाजूला ठेवू नकोस.

गाडी कुठली ते एकदा सांगतो, म्हणजे परत "कार्टिंगची गाडी" म्हणणार नाहीस. 1957 साली कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन काढली, दोन सीट, लांब नाक, धड दरवाजे नाहीत, आणि 1973 पासून तीच गाडी केटरहॅमवाले बनवतात. मग 1996 ला रॉन चॅम्पियन नावाच्या इथल्या एका मास्तरांनी पुस्तकच लिहिलं की जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे पार्ट आणि चौकोनी पाइप घेऊन असली गाडी घरी अडीचशे पौंडात होते, तेव्हापासून अशा गाड्यांना लोकॉस्ट म्हणतात. अडीचशेचं विसर, माझे तेवढे तर ड्रिल बिट, डिस्क नि ग्लोव्ह्जमध्येच गेले असतील. एस्कॉर्ट आता सोन्याच्या भावाने मिळते म्हणून मी पार्टसाठी माझदा एमएक्स-5 घेतली, 1.8 लिटरचं इंजिन. टेंगळाचं मूळ तिथंच आहे, पण ते नंतर.

सुरुवातीला माझा हट्ट होता की एकही पॅनेल विकत घ्यायचं नाही. तो हट्ट नाकाने मोडला. पुढचं नाक सगळीकडून गोल, दोन्ही दिशांना वळलेलं, ते घरी करायचं म्हणजे आधी मॉडेल, मग त्यावरून साचा, मग त्यात फायबर, म्हणजे एका नाकासाठी तीन वेळा नाक करायचं. मी आधी छोटासा एअर स्कूप करून बघितला. रेझिनमध्ये हार्डनर एक-दोन टक्केच घालायचा असतो, मी थंडी आहे म्हणून हात सैल सोडला, आणि प्लास्टिकच्या मगमध्ये ते एवढं तापलं की धूर निघाला आणि मगाचा तळ मऊ पडला. रेझिनमधल्या स्टायरीनच्या उग्र वासाने शेजारच्या आजीबाई नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी नाक आणि चारी मडगार्डं ऑर्डर केली.

विकतचं पण काही सरळ नसतं बरं का. मडगार्डं आली ती वरून चकाचक, उलटी धरून उजेडात बघितली तर एका जागी जाड, एका जागी आरपार उजेड दिसावा इतकी पातळ, आणि कडेला जेलकोटच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराच्या, खाली हवेचे फुगे, नखाने दाबलं की पापडासारखा तुकडा पडतो. परत पाठवायचा खर्च मडगार्डाच्या निम्मा, म्हणून मीच आतून फायबरच्या मॅटचा अजून एक थर दिला. तुला कधी लागलं तर फोटोवर जाऊ नकोस, उलट्या बाजूचा फोटो माग.

बाजूची पॅनेलं मात्र घरचीच. अ‍ॅल्युमिनियमचा अडीच मीटर बाय सव्वा मीटरचा पत्रा, 1.2 मिलिमीटर जाड, अख्खा पत्रा दहा किलो भरतो, म्हणजे उचलायला काहीच नाही पण वाऱ्यात शिडासारखा ओढतो. आधी पुठ्ठ्याचं माप कापायचं, चेसिसवर लावून बघायचं, मग पत्रा. कातरी, जिगसॉ, वाळू भरलेली पिशवी आणि लाकडी हातोडा, बास. स्टीलचा पाइप नि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले की पाणी लागून अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये पेंट आणि पीयूचा (पॉलियुरेथेनचा) गोंद, वरून रिव्हेट. मी जानेवारीत डावी बाजू लावली, गॅरेजमध्ये पाच डिग्री, दोन्ही टोकांनी रिव्हेट मारत मध्ये आलो आणि खूश झालो. जूनमध्ये गाडी उन्हात ढकलली आणि पॅनेल फुगलं, अंगठ्याने दाबलं की टक्क आत, सोडलं की टक्क बाहेर, तेलाच्या डब्यासारखं. मग डोक्यात प्रकाश पडला की अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं, दीड मीटरला तीस डिग्रीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक, आणि टोकं आधी बांधल्यावर तो अर्धा मिलिमीटर जाणार कुठे? मधून सुरू करून बाहेर जायचं असतं. पासष्ट रिव्हेट ड्रिलने काढले, गोंद वायरीने कापला, दोन वीकेंड गेले, बायको म्हणाली तुला बघून मला माझे बाबा आठवतात, ते पण ट्रान्झिस्टर उघडून बसायचे आणि तो परत कधी वाजायचा नाही.

बॉनेट सोपं, एकाच दिशेला वळलेलं, ड्रेनेजच्या 110 मिलिमीटरच्या पाइपवर दाबत दाबत वळवलं की झालं. पण माझदाचं इंजिन उंच. वरचं झाकण बॉनेटच्या रेषेच्या चार सेंटिमीटर वर येतं, म्हणून तिथे फुगवटा हवा. तोसुद्धा फायबरचा विकत मिळतो, वरून चिकटवायचा, पण लेका, एवढं सगळं करून डोळ्यासमोर येणारी एकच गोष्ट विकतची चिकटवायची हे काही मनाला पटेना.

पत्रा ठोकला की कडक होतो, मग मऊ करायला तापवायचा. इथे मला तुझे काका आठवले. तांबट आळीत तुझ्या घरी आलो होतो तेव्हा ते घंगाळ लालभडक करून पाण्यात टाकायचे नि परत ठोकायला घ्यायचे, ते मी दारात उभं राहून बघितलंय, वीस वर्षं झाली असतील. तांबं लाल होऊन सांगतं तरी की बस आता. अ‍ॅल्युमिनियम अगदी मुकं, लाल होतच नाही, आणि 660 डिग्रीला सरळ वितळून खाली पडतं. पहिल्या तुकड्याला मी भोक पाडलं. मग कळलं की अंघोळीचा साबण फासायचा आणि खालून ज्योत फिरवायची, साबण आधी पिवळसर, मग चहाच्या रंगाचा, आणि काळपट झाला की ज्योत बाजूला. त्यानंतर पत्रा असा मऊ होतो की स्वतःच्या वजनाने वाकतो. वाळूच्या पिशवीवर ठोकून खळगा केला की तो अक्रोडासारखा दिसतो, मग गोल लोखंडावर ठेवून चपट्या हातोड्याने एक एक ठोका शेजारी शेजारी, म्हणजे शुद्ध मठारकाम. इथले लोक त्याला प्लॅनिशिंग म्हणतात, आणि असला हातोडा इथे चाळीस पौंडांना मिळतो हे काकांना सांगू नकोस.

तिसरा फुगवटा बराच बरा आलाय. फक्त डावीकडच्या कोपऱ्यात पत्रा दुमडल्यासारखी एक घडी आहे, बोट फिरवलं की कळते. कुठलीही बाहेरची कड अडीच मिलिमीटर गोलाईची हवी असं घरी केलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या इथल्या टेस्टमध्ये बघतात, तेवढी ती भरते, तरी मला दिसते ना.

तर प्रश्न असा. काकांना विचार, घडी पडल्यावर पत्रा परत तापवून बाहेरून आत मठारायचा, का तिथे तो पातळ झालाय म्हणून सोडून द्यायचा? नखाने दाबल्यावर बाकीच्यापेक्षा तिथे जास्त लवतो. फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ पाठवतोय, ठोक्याच्या आवाजावरून ते सांगतील. मोबाइल त्यांच्या कानाजवळ धर आणि टीव्ही बंद कर. शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं, चौथा करायचा असेल तर पत्र्याचं दुकान शनिवारी बाराला बंद होतं.

तुझाच,
खोली नंबर 14 मधला