बोटी किनाऱ्यावर, शुल्क मात्र आजच

राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि साधारण याच दिवसांत एम.एस्सी.चे शुल्क भरायचे असते. माझे वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. मालकाने बोट विकली, कमाई थांबली. आई सुकी मासळी विकते. त्यात किराणा निघतो, दुसऱ्या वर्षाचे शुल्क नाही. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला, पण त्यात गेल्या वर्षाची कमाई दिसते, आजची नड दिसत नाही. ऑगस्टमध्ये वडिलांना दुसऱ्या बोटीवर काम मिळेल अशी आशा आहे. बंदरावरच्या अनेक घरांची हीच स्थिती आहे. किनारपट्टीवरच्या महाविद्यालयांनी तोवर मुदत द्यावी, पुढे हप्ते पाडून द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक विद्यार्थी, हर्णै, ता. दापोली