ताप अंगावर काढू नकोस

माळीनगर,
आषाढ

चि. वैशालीस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, "दोन दिवस अंगात कणकण होती, गोळी घेतली, आता बरं आहे." तुझ्या आईने लगेच ओमच्या शाळेचं काढलं आणि तो विषय तिथेच राहिला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. महेशरावांना पुण्याला फोन लावणार होतो, पण आई म्हणाली, ती काय लहान आहे का. म्हणून पत्र लिहायला बसलो. बंड्या फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवेल. फोनवर तू "हो अण्णा, हो अण्णा" म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही.

आधी इकडचं सांगतो. तुकोबांची पालखी येऊन गेली. उभं रिंगण छान झालं, पण पाय दुखतात म्हणून यंदा मी कडेला खुर्ची टाकून बसलो. आडसाली उसाच्या लागणी सुरू झाल्यात. खालच्या खारवट तुकड्यात २६५ जातीचा लावतोय, वर ८६०३२ ठेवलाय. शकूआत्या बरी आहे, तुझी आठवण काढते.

तू रक्त तपासलंस का? कणकण म्हणजे नुसती कणकण, की थंडी वाजून आली होती?

साखर कारखान्याच्या नोकरीवर युगांडाला जाते म्हणालीस तेव्हा मी विरोध केला नाही, हे तुला आठवत असेल. बापू म्हणाले, पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवता. मी म्हटलं, आपण तरी इथले कुठे आहोत. आपण सासवडचे. माझे पणजोबा कऱ्हेकाठचा विहिरीवरचा मळा भावाच्या हवाली करून, दोन बैलगाड्यांत संसार भरून, जेजुरी-मोरगावच्या वाटेने बारामतीच्या अंगाला उतरले. माझे आजोबा, आपले आबा, तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरला धरण झालं आणि १८८५ साली नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं, पण तिकडचे शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. पाऊस दगा देईल तेवढ्यापुरतं घ्यायचे. पाटाच्या पाण्याने जमीन बिघडते म्हणायचे. आपल्या सासवडच्या माळ्यांनी त्यांच्याच जमिनी खंडाने घेतल्या आणि पुंड्या ऊस लावला. गावाबाहेर झोपडी, भोवती बाभळीचं रान, रात्री कोल्हेकुई आणि कंदील घेऊन उसाला पाणी द्यायला दारं धरायची. जिजी, माझी आजी, लग्न होऊन आली ती थेट त्या झोपडीत.

कालव्याने ऊस आला, गूळ आला, पैसा आला आणि त्याच पाण्याने हिवताप आला. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याचा जंतू पाहिला होता, पण ते आपल्या मळ्यात कोण सांगणार? तिथे म्हणत, हवा-पाणी बाधलं. एकाआड एक दिवस हुडहुडी भरायची आणि मधल्या दिवशी माणूस उठून सऱ्यांत उभा राहायचा. ताप अंगावर काढून काम करण्याचा सगळ्यांना अभिमान होता. आबा म्हातारपणीही मोठ्या तोऱ्यात सांगायचे, अंगात ताप असताना रात्रभर पाणी पाजलं म्हणून.

जिजीला ते आवडायचं नाही. आबा सांगायला लागले की ती उठून आत जायची. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. नारायण माझा थोरला काका. चार वर्षांचा होता. गुऱ्हाळ लागलेलं होतं, चुलवणावर काहील होती आणि गूळ करणारा गुळव्या फक्त तेवढेच दिवस मिळाला होता. पोराला ताप आला, उतरला, पुन्हा आला. उद्या उतरेल म्हणत चार दिवस गेले. क्विनाइनच्या पुड्या टपाल कचेरीत मिळायच्या. त्या आणायला बारामतीला माणूस धाडला तो पाचव्या दिवशी. जिजीने मला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "गूळ चांगला झाला होता त्या वर्षी."

मी पहिली-दुसरीत असताना इथे डीडीटी फवारणारी माणसं आली. सरकारने १९५३ साली हिवतापाची मोहीम काढली, त्यातली. भिंतींवर पांढरे फराटे उठले, दारावर गेरूने तारीख लिहिली आणि ती माणसं सांगून गेली, भिंती सारवू नका, औषध झाकलं जातं. तुला जिजीचं सारवण आठवत नसेल. पंधरा दिवसांनी घर सारवलं नाही तर तिला जेवण जायचं नाही. त्या दिवाळीला आईने आणि काकूने शेण-माती कालवून ठेवली होती. जिजीने पाटी उचलून उकिरड्यावर नेऊन ओतली. लक्ष्मीपूजन तशाच फराटलेल्या भिंतींसमोर झालं. पाहुण्यांनी नावं ठेवली, तिने ऐकून घेतलं.

तेव्हा तुझी कणकण मला साधी वाटत नाही, बाई. अकलूजच्या डॉक्टरांना मी सकाळीच विचारून आलो. ते म्हणाले, आपल्या भागातला हिवताप बहुतेक वेगळा आणि आफ्रिकेतला वेगळा. तिकडचा एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बोट टोचून पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारं किट असतं म्हणे. तापाच्या गोळीने ताप उतरतो, आजार जात नाही. तू शेतकी पदवीधर आहेस, मी तुला हे शिकवावं असं नाही. तरी ताप आला त्याच दिवशी तपास. लागणीचा हंगाम असो, साहेब येणार असोत, काहीही असो.

पुन्हा तेच सुरू झालं माझं. रागावू नकोस.

तुझ्या कामाबद्दल लिहायचं होतं. कारखान्याच्या उसाबरोबर आसपासच्या शेतकऱ्यांचा ऊसही तुझ्याकडे आहे म्हणालीस. त्यांचं आधी ऐक. बारामतीकडच्या लोकांनी जमीन बिघडेल म्हटलं होतं, ते खरं ठरलं. आपण पाण्याचा सपाटा लावला, निचरा पाहिला नाही, आणि आबांच्या डोळ्यांदेखत मळा चिबडला. उन्हाळ्यात वर मीठ फुलायचं. ज्याची जमीन होती त्याच्या हातात खारवून निकामी झालेली चोपण परत गेली आणि आपण पुढे सरकलो. १९३० च्या मंदीत गुळाचा भाव कोसळला, १९३२ साली साखरेला सरकारी संरक्षण मिळालं आणि त्याच साली सासवडच्या माळ्यांनी भागभांडवल जमवून स्वतःची साखर कंपनी काढली. तिच्या मागे आबा इकडे, नीरेच्या उजव्या कालव्यावर आले. आपण त्याला कर्तबगारी म्हणतो आणि ती आहेच. ऊस पिकवणाऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभारायचा, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या मागे राहिलेल्या चोपणीचा हिशोब आपल्या घरात कोणी मांडला नाही. तू चर आधी खोद, लागण मग कर. साचलेलं पाणी जमिनीलाही वाईट आणि माणसांनाही, डास तिथेच होतात. बघ, कुठूनही निघालो तरी मी तिथेच येतो.

आबांच्या शेअरच्या कागदावर जिजीचं नाव नाही. सात-बारावर नाही. कोणत्या तुकड्यात काय लावायचं हे तिला कोणी विचारलं नाही, आणि उसातलं तिला आबांपेक्षा जास्त कळायचं. कांडं हातात धरून ती साखर भरली की नाही सांगायची. तुझं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी ते बापूंना दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, शाळेतल्या गुरुजींना दाखवलं. हजारो एकरांवर काय लावायचं ते आपल्या घरातली मुलगी ठरवणार, ही गोष्ट मला अजून रोज नवी वाटते. परत ये असं मी म्हणणार नाही. आईही म्हणणार नाही, तिच्या मनात असलं तरी.

रविवारी फोन करशील तेव्हा तपासणीत काय निघालं ते आधी सांग, मग बाकीचं. तपासलं नसशील तर हे वाचून झालं की लगेच जा. बरं वाटत असलं तरी जा.

तुझे
अण्णा

ता. क. मच्छरदाणी तिथे मिळते म्हणालीस, तरी महेशराव येतील त्यांच्याबरोबर इथली डबलबेडची पाठवतोय. ती गादीखाली नीट खोचायची, नुसती सोडून ठेवायची नाही. आणि तिकडे कुठल्या जातीचा ऊस आहे ते कळव, बापू रोज विचारतात.