दिवाळीआधी प्रत्येक कातकरी घरात हिशोबाची वही: मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ आणि पुण्या-मुंबईत असलेले गावकरी यांना ग्रामविकास मंडळाचा सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की सुधागड तालुक्यातील आपल्या कातकरीवाडीतली माणसे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जायचे मात्र श्रावण-भाद्रपदातच ठरून जाते. तेव्हा हाताला काम नसते, आजारपण निघते, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. भट्टीवर आठवड्याला मिळणारी खर्चीही त्याच उचलीत धरली जाते. हजार विटांचा दर तोंडी ठरलेला. किती हजार पाडल्या, अवकाळीत भिजल्या म्हणून किती वजा केल्या, हे फक्त शेटच्या वहीत. हंगाम संपताना शेट सांगेल ती बाकी, आणि ती अंगावर असली की पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. उचलीपोटी माणूस अडकवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण तक्रार करायला हातात चिठोरेही नसते!

वाडीवर येऊन बचतीची भाषणे देणारे पुष्कळ झाले. शिल्लक टाकायची कशातून, ते कोणी सांगत नाही. आधी मजुरीचा हिशोब तरी हातात येऊ दे, असे आमचे मत.

म्हणून यंदा भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक नवरा-बायकोच्या जोडीला स्वतःची वही द्यायची आहे. लिहिता येत नसेल तर डाव्या पानावर हजार विटांना एक रेघ, उजव्या पानावर खर्चीच्या प्रत्येक शंभर रुपयांना एक टिंब. ही पद्धत वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनीच सुचवली.

बँकेचेही आहेच. पंतप्रधान सुरक्षा विम्यात वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. हप्ता मेअखेरीस खात्यातून कापतात. त्या वेळी माणसे भट्टीवर, खात्यात वीस रुपये नाहीत, की विमा बंद. माणसे भट्टीवर निघण्यापूर्वीच हे पैसे खात्यात ठेवून घ्यायचे आहेत.

शंभर पानी वह्या, पेन आणि साधे कॅल्क्युलेटर हवे आहेत. तालुक्याच्या बँकेपर्यंत टेम्पो कोणी दिला तर फार बरे. सर्वांत जास्त गरज निवृत्त बँक कर्मचारी आणि शिक्षकांची आहे. घटस्थापनेपासून दर रविवारी, संध्याकाळी सहानंतर, वाडीच्या समाजमंदिरात बसू. रोख देणगी ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी, पावती मागून घ्यावी. जमा-खर्च तिथल्याच फळ्यावर लागेल.

कळावे, लोभ असावा.
ग्रामविकास मंडळ